आता, आत्ता

तीन दिवसांच्या पोरीच्या डोक्यावर
त्यांनी तारांची टोपी चढवली.
टाळू अजून भरलेली नाही,
तिच्याखाली ठोका उडतो, बेडकाच्या गळ्यासारखा.
मी खिडकीपाशी उभा होतो,
बर्फाने ओले झालेले बूट हातात घेऊन.

स्पीकरमधून एक बाई म्हणत होती
आता. आता. आता. आता.
आणि मध्येच, न सांगता,
आत्ता.
आमच्या भाषेत दोन्हींना अर्थ नाही.
फरक फक्त त-पाशी थबकण्याचा,
श्वास अडवून धरल्याचा,
सेकंदाचा दहावा हिस्सा, किंवा किंचित जास्त.
एवढ्याशा शांततेला
झोपलेल्या मेंदूत काही दचकतं का,
ते पडद्यावरच्या रेषा सांगणार होत्या.

आमच्याकडे सगळं या ऱ्हस्व-दीर्घावर चालतं.
तुलि म्हणजे आग.
तूलि म्हणजे वारा.
तुल्लि म्हणजे जकात.
दुसरीत मी लिहिलं,
काल रात्री आमच्या छपरावर आग सुटली होती
आणि मामाने सीमेवर वारा भरला.
वर्ग हसला.
बाई हसल्या नाहीत, त्यांनी आईला बोलावून घेतलं.

मग घरात कारणं निघू लागली.
डोळे असतील. तपासले, तर घारीचे निघाले.
आळशी असेल. मी पहाटे पाचला उठून
सौनाची लाकडं फोडून रचून ठेवली आठवडाभर,
पान होतं तिथेच.
आजीचं म्हणणं, पोटुशी असताना
सुनेने सशाचं मटण खाल्लं, तिसऱ्या महिन्यात,
मी नको म्हणत होते.
एक माणूस काहीच बोलला नाही.
माझे वडील, तौनो,
जेवणानंतर वर्तमानपत्र उघडून बसायचे,
बराच वेळ,
पान न उलटता.

कान वाईट म्हणावेत,
तर पाइयान्नेच्या बर्फावर लोखंडी दांडा आपटून
ते नुसत्या नादावरून सांगत,
इथून घोडा जाईल. इथून माणूस.
इथून कुणीच नको.
तळ्यात त्यांचं कुणी बुडालं नाही.
कागदावर ते स्वतः
दर दुसऱ्या ओळीला बुडायचे, आवाज न करता,
आणि वर यायचे तेव्हा
हवामानावर बोलायचे.

हे रक्तातून येतं का, मी सानेल्माला विचारलं.
ती इथली संशोधक, पायात दोन रंगांचे मोजे.
येतं, म्हणाली, पण पत्ता लिहून येत नाही.
बारीक बारीक कितीतरी धागे,
कुठला कुठे ओढला जाईल
अजून नीट कळलेलं नाही आम्हाला.
आणि हिचं?
एकट्या बाळाचं काही सांगता येत नाही.
शंभर बाळं झाली की सरासरी काढू.
मी टोपीतल्या त्या चेहऱ्याकडे पाहिलं.
ही शंभर नाही, म्हणालो.
नाही, ती म्हणाली. ही शंभर नाही.

मग तिने फॉर्म पुढे केला.
मी खिसे चाचपले, आधी कोटाचे, मग पँटचे.
चष्मा घरी राहिला.
माझ्याकडे चष्मा नाही. कधीच नव्हता.
पोस्टात, बँकेत, लग्नाच्या रजिस्टरसमोर
हा न घेतलेला चष्मा मी तेवीस वर्षं घरी विसरतो आहे.
वाचून दाखवते ना मी, ती म्हणाली,
इथे येणाऱ्या निम्म्या बापांचा राहतो.

नाव. तारीख. वजन.
आणि नवव्या प्रश्नाशी तिने बोट थांबवलं:
आईला किंवा वडिलांना
वाचनाची अडचण होती का?
शेजारी दोन रिकामे चौकोन.
मला बराच वेळ लागला.
वाचायला नाही.

पोरीने झोपेत ओठ मुडपले.
बाई म्हणतच होती,
आता.
आता.
आता.